तटस्थता एका ओळीत उरकणाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
स्पर्धा परीक्षांच्या नोट्स लिहिणारे, इतिहासाचे वर्ग घेणारे आणि मुरगावच्या किनाऱ्यावर पर्यटकांना गोष्टी सांगणारे सर्वजण,
यांस सप्रेम नमस्कार.

दुसऱ्या महायुद्धाच्या प्रकरणात एक ओळ ठरलेली असते : ‘स्वीडन, स्वित्झर्लंड, स्पेन, पोर्तुगाल, आयर्लंड, तुर्कस्तान हे देश तटस्थ राहिले.’ पूर्णविराम. की लगेच स्टालिनग्राड. (तुर्कस्तानने फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले होते, पण तेवढे सांगायला तरी कुणाला वेळ आहे?) आम्ही गोवा-कोकणात इतिहास शिकवणारी माणसे. विद्यार्थी आमच्याकडे येतो तो ही ओळ पाठ करून. शिवाय त्याने पोर्तुगीज गोव्यातल्या मुरगाव बंदरातल्या जर्मन जहाजांवरच्या धाडीची एक चुरचुरीत गोष्ट कुठेतरी ऐकलेली असते. ओळीतला पोर्तुगाल आणि गोष्टीतला पोर्तुगाल एकच, हे मात्र त्याला कुणी सांगितलेले नसते. आमचे भांडण या तुटलेल्या सांध्याशी आहे. आणि तो सांधा आमच्या दारातला आहे, म्हणून गप्प बसवत नाही.

आधी घटना काय होती ते पाहू. युद्ध सुरू झाल्यावर ब्रेमेनच्या हान्सा कंपनीची एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स आणि ब्राउनफेल्स ही तीन मालवाहू जहाजे मुरगावच्या आसऱ्याला आली. नंतर इटलीचे आन्फोरा त्यांत मिळाले. ८ मार्च १९४३ च्या रात्री फीबी नावाची गाळ वाहून नेणारी जुनी बार्ज बंदरात शिरली. तिच्यावर कलकत्ता लाइट हॉर्स आणि कलकत्ता स्कॉटिश या राखीव पलटणींतले जेमतेम दीड डझन स्वयंसेवक होते, बरेचसे मध्यमवयीन, एरवी कचेऱ्या सांभाळणारे. म्होरके होते ब्रिटिशांच्या गुप्त कारवायांच्या खात्यातले लेफ्टनंट कर्नल लुइस प्यू. ते एरेनफेल्सवर चढले, कप्तान मारला गेला, पण जहाज काही हाती लागले नाही. जर्मन खलाशांनी तळाच्या किंग्स्टन झडपा उघडल्या होत्या. या झडपा पाण्याच्या रेषेखाली असतात आणि त्यातून समुद्राचे पाणी आत घेता येते. एकदा त्या उघडून आत आग लावली की जहाज ओढून न्यायचा बेत तिथेच बारगळतो. ज्वाळा दिसताच उरलेल्या तिन्ही जहाजांच्या खलाशांनीही आधीच ठरल्याप्रमाणे आपापली जहाजे पेटवून बुडवली. पोर्तुगीजांनी त्यांना कोठडीत टाकले.

तुमच्या गोष्टी इथेच टाळ्या घेऊन संपतात. आमची पहिली तक्रार इथूनच सुरू होते, आणि ती कायद्याची आहे.

‘तटस्थ बंदरात परकी जहाजाला २४ तासांपेक्षा जास्त राहता येत नाही, म्हणजे पोर्तुगालनेच नियम मोडला’, असे वाक्य नोट्समध्ये सापडते. ते चूक आहे. सागरी युद्धात तटस्थ देशांचे हक्क आणि कर्तव्ये ठरवणाऱ्या १९०७ च्या तेराव्या हेग कराराचे १२ वे कलम २४ तासांची मर्यादा घालते ती युद्धनौकांना. जर्मनीची ग्राफ श्पे माँटेव्हिडिओच्या बंदरात शिरली तेव्हा उरुग्वेने दुरुस्तीसाठी ७२ तास मोजून दिले आणि १७ डिसेंबर १९३९ ला तिच्या कप्तानाने ती बाहेर नेऊन बुडवली. ती युद्धनौका होती. एरेनफेल्स हे मालवाहू जहाज. शत्रूच्या भीतीने आसरा घेतलेले व्यापारी जहाज तटस्थ बंदरात वर्षानुवर्षे नांगर टाकून बसू शकते, बंदराचे भाडे भरत आणि गंज खात. म्हणून जहाजे तिथे का होती हा प्रश्नच गैरलागू. त्यावरून काय केले जात होते, प्रश्न तो आहे.

त्याचे उत्तर ५ व्या कलमात आहे. तटस्थ बंदराचा नौदलाच्या कारवायांसाठी तळ म्हणून वापर करू नये, आणि युद्ध करणाऱ्या फौजांशी बोलण्यासाठी बिनतारी यंत्रणा तर मुळीच उभारू नये, असे ते कलम सांगते. एरेनफेल्सवर लपवलेला ट्रान्समीटर पाणबुड्यांना बातम्या देत होता, असा ब्रिटिशांचा आरोप. तो खरा धरला तर जर्मनीने ५ वे कलम मोडले. पण १ ले कलम युद्ध करणाऱ्या राष्ट्राला तटस्थ देशाच्या हद्दीत आणि पाण्यात त्याच्या सार्वभौमत्वाचा मान राखायला बांधते आणि २ रे कलम तिथे युद्धनौकांनी केलेले कोणतेही शत्रुत्वाचे कृत्य तटस्थतेचा भंग ठरवते, झडतीसुद्धा. म्हणजे धाड हाही भंगच. आता कळेल की युद्धनौकेऐवजी गाळाची बार्ज का आणली आणि नियमित फौजेऐवजी कचेरीतले साहेब का आणले. उद्या प्रश्न आलाच तर ‘आमच्या नौदलाचा यात हात नाही’ असे म्हणायची सोय हवी होती. पराक्रमाचा भाग म्हणून जे रंगवले जाते ते मुळात कलमातून निसटायची पळवाट होती.

आणि २५ वे कलम? त्यात तटस्थ देशावर नजर ठेवण्याची जबाबदारी टाकली आहे, पण ‘हाताशी असलेल्या साधनांच्या मर्यादेत’. गोव्याचे गव्हर्नर जनरल जुझे कब्राल यांच्या हाताशी साधने काय होती? तिन्ही बाजूंनी ब्रिटिश मुलूख आणि संस्थाने, चौथ्या बाजूला ब्रिटिशांच्या गस्तीचा समुद्र. मुरगावहून कॅसलरॉकला जाणारी मीटरगेज लाइन पोर्तुगीज हद्दीत, पण ती चालवत होती मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, म्हणजे घाटावरचे इंग्रज. गोव्याचा तांदूळ बाहेरून यायचा आणि ब्रह्मदेश १९४२ मध्ये जपानच्या हाती गेल्यावर तोही तुटला. घरोघरचे तारवटी, म्हणजे खलाशी, इंग्रजी बोटींवर आणि निम्म्या गावाची मनिऑर्डर मुंबईहून. अशा ठिकाणी बसून लंडनला खडसावायचे म्हणजे काय, हे विद्यार्थ्याला नकाशा दाखवल्याशिवाय कळणार नाही. खलाशांनी आपणच आपली जहाजे जाळली, एवढेच कागदावर राहिले तर ते सगळ्यांच्याच सोयीचे होते.

दुसरी तक्रार आकड्यांची. ‘धाडीनंतर हिंदी महासागरातले पाणबुड्यांचे हल्ले एकदम थांबले’, हे वाक्य एकमेकांच्या नोट्समधून उतरवले जाते. त्या महिन्यांत जर्मन पाणबुड्यांचा वावर मुख्यतः दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्याला होता. धाडीच्या आधीच्याच आठवड्यात यू-१६० ने डर्बनजवळ एका काफिल्यातली चार जहाजे बुडवली. डर्बनहून निघणाऱ्या काफिल्याची वेळ मुरगावात नांगरलेल्या जहाजावरून कळायची, हे पटवायला बरीच कसरत करावी लागेल. तो पाणबुड्यांचा ताफा हजारो मैलांवरच्या फ्रान्समधल्या तळांवरून आला होता आणि इंधन व टॉर्पेडो संपत आले की परतणारच होता. शिवाय जर्मन नौदलाचे संदेशभेदक खाते दोस्तांच्या व्यापारी जहाजांचे सांकेतिक संदेश वाचत होते. इतकी कारणे समोर असताना ‘आधी धाड, मग घट, म्हणून धाडीमुळे घट’ असे शिकवणे म्हणजे विद्यार्थ्याला तर्काचीच वाईट सवय लावणे. धाड झाली हे पक्के. तिचा परिणाम किती, हे वादाचे. दोन्ही वाक्ये वेगवेगळी लिहा.

तिसरी तक्रार आम्हाला सर्वांत बोचते. त्याच १९४३ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच मुरगावात काय झाले, ते तुम्ही सांगतच नाही.

अमेरिकेने भाड्याने घेतलेले स्वीडनचे ग्रिप्सहोम हे जहाज अमेरिकेतले तेराशेहून अधिक जपानी घेऊन आले. जपानकडून तेइया मारू आले. ते मूळचे फ्रेंच जहाज आरामिस. त्यावर जपानच्या ताब्यातल्या चीन, फिलिपिन्स वगैरे प्रदेशांतले सुमारे दीड हजार अमेरिकी, कॅनडियन आणि इतर नागरिक : मिशनरी, परिचारिका, व्यापारी, मुलेबाळे. मुरगावात माणसांची अदलाबदल झाली आणि जपानच्या कैदेतल्यांसाठी रेडक्रॉसचा माल तेइया मारूवर चढवला गेला. ग्रिप्सहोमच्या कुशीवर मोठ्या अक्षरांत ‘डिप्लोमॅट’ रंगवलेले असे आणि रात्री ते दिव्यांनी उजळत असत, म्हणजे कुठल्याही पाणबुडीने चुकून टॉर्पेडो सोडू नये. बाकी सगळा समुद्र अंधार करून चालत असताना हे एक जहाज लखलखत जात होते.

हे जुळवून आणायला किती हात लागले ते मोजा. अमेरिका आणि जपान एकमेकांशी बोलत नव्हते. जपानमध्ये अमेरिकेचे हित पाहत होते स्वित्झर्लंड, अमेरिकेत जपानचे हित पाहत होते स्पेन. जहाज स्वीडनचे, बंदर पोर्तुगालचे. तुमच्या त्या एका ओळीतले चार देश इथे एकाच कामाला जुंपलेले दिसतात. आदल्या वर्षी अशीच पहिली अदलाबदल लोरेंसो मार्किशला, म्हणजे पोर्तुगीज मोझांबिकमध्ये झाली होती. मार्चमध्ये ज्या बंदराची तटस्थता रात्रीच्या अंधारात लाथाडली गेली, तेच बंदर सात महिन्यांनी दोन्ही बाजूंना हवे झाले, कारण ते तटस्थ होते. मार्च सांगायचा आणि ऑक्टोबर गाळायचा, हा धडा अर्धा नाही, उलटा होतो.

चौथी गोष्ट मालाची, आणि इथे जरा थांबू. पोर्तुगालच्या तटस्थतेला वजन कशाने होते? तिथला हुकूमशहा सालाझार याच्या भाषणांनी नव्हे, वुल्फ्रॅमने. टंगस्टनचे हे खनिज बैरा प्रांतातल्या पानाश्केइरासारख्या खाणींतून निघते. पुण्या-कोल्हापूरच्या कुठल्याही लेथवर उभ्या असलेल्या माणसाला विचारा, तो कठीण पोलाद कापायला ‘विडिया’ लावतो. हा शब्द क्रुप कंपनीच्या टंगस्टन कार्बाइडच्या हत्यारांचे नाव आहे, ‘वी डिआमांट’ म्हणजे ‘हिऱ्यासारखे’ यावरून पडलेले. भोसरीतल्या वर्कशॉपात रोज उच्चारला जाणारा हा शब्द विद्यार्थ्याच्या हातात द्या, पुढचे त्याला आपोआप कळेल. या धातूशिवाय तोफांच्या नळ्या आणि इंजिनांचे भाग वेगाने कापता येत नाहीत, आणि रणगाडा भेदणाऱ्या गोळ्याचा गाभाही त्याचाच. जर्मनीला टंगस्टन चीनकडून रशियातल्या रेल्वेने येत असे. जून १९४१ मध्ये हिटलरने रशियावर स्वारी केली आणि आपल्याच हाताने ती वाट बंद केली. उरले पोर्तुगाल आणि स्पेन.

मग भाव भडकला. टनाला हजारेक डॉलरचा माल वर्षभरात वीस हजारांच्या घरात गेला. शेते सोडून माणसे डोंगर खणायला लागली. ब्रिटन आणि अमेरिकेनेही खरेदी लावली, गरजेपुरती नव्हे तर शत्रूच्या हाती जाऊ नये म्हणून. यात गैरसमज होतो तो असा, की सालाझारने हवे त्याला माल विकला. तसे नाही. त्याच्या गळ्याभोवती दोन दोर होते. कोळसा, पेट्रोल, गहू समुद्रातून यायचा आणि ब्रिटिशांचे ‘नॅव्हिसर्ट’ हे मालाचे परवानापत्र नसेल तर जहाज अडवले जायचे. दुसरीकडे ऑक्टोबर १९४१ मध्ये जर्मन पाणबुडीने ‘कोर्ते रेआल’ हे पोर्तुगीज जहाज बुडवून आपलाही दोर दाखवला. जानेवारी १९४२ मध्ये पोर्तुगालने जर्मनीशी वुल्फ्रॅमचा करार केला आणि त्याच वर्षी सगळी खरेदी सरकारी मक्तेदारीखाली आणली. वाटा किती कुणाला हे लिस्बनमध्ये ठरू लागले. ब्रिटनने पैसे दिले ते पौंडांत, उधारीवर. युद्धात ब्रिटनकडे अडकलेल्या भारताच्या पौंड-शिलकीची आठवण होईल. जर्मनीकडून येणाऱ्या पैशामागे सोने होते, बरेचसे स्विस राष्ट्रीय बँकेमार्फत फिरलेले आणि त्यातले कितीतरी जिंकलेल्या देशांच्या तिजोऱ्यांतून लुटलेले. युद्धानंतर पोर्तुगालने दोस्तांच्या आयोगाला परत केले ते अवघे ४ टनांच्या आसपास. निर्यातबंदी लागली जून १९४४ च्या पहिल्या आठवड्यात, नॉर्मंडीच्या स्वारीच्या तोंडावर. विद्यार्थ्याला फक्त ही तारीख द्या आणि विचारा : आधी का नाही?

पाचवे, एकाच पोर्तुगीज झेंड्याखालची चार ठिकाणे कधी एकत्र मांडली जात नाहीत. तटस्थतेची घोषणा एकच, पण तिमोरमध्ये डिसेंबर १९४१ मध्ये ऑस्ट्रेलियन आणि डच फौजा पोर्तुगालचा निषेध न जुमानता उतरल्या, फेब्रुवारी १९४२ मध्ये जपानी आले आणि पुढच्या साडेतीन वर्षांत तिथले हजारो लोक मेले. मकाव जपानने व्यापले नाही, नुसते आवळले. तिथल्या इंधनसाठ्यावर बॉम्ब टाकले ते जानेवारी १९४५ मध्ये अमेरिकेने, आणि १९५० मध्ये सुमारे २ कोटी डॉलर भरपाईही दिली. गोव्याचे वर सांगितले. आणि चौथे ठिकाण अझोर्स.

अझोर्सची बेटे अटलांटिकच्या मध्यात, लिस्बनपासून दीडेक हजार किलोमीटरवर. काफिल्यांना विमानांचे संरक्षण न मिळणारा समुद्राचा पट्टा होता, त्यातला दक्षिणेकडचा भाग इथून झाकता येत होता. १७ ऑगस्ट १९४३ ला ब्रिटन-पोर्तुगाल करार झाला, ८ ऑक्टोबरला ब्रिटिश तेर्सेइरा बेटावर उतरले आणि १२ तारखेला चर्चिलनी संसदेत १३७३ च्या इंग्लंड-पोर्तुगाल मैत्रीच्या तहाचा हवाला दिला. तुमच्या नोट्स सांगतात : ‘जुन्या मैत्रीखातर तळ दिला.’ ती मैत्री १९४० मध्येही होती, तेव्हा का नाही दिला? तेव्हा जर्मन फौज पिरेनीजपाशी उभी होती. १९४३ च्या उन्हाळ्यात स्टालिनग्राड आणि ट्युनिशिया होऊन गेले होते. १३७३ चा तह ही सोय होती : जुने वचन पाळतोय, युद्धात उतरत नाही, असे बर्लिनला सांगता यावे म्हणून. म्हणून तर आधी फक्त ब्रिटिशांना परवानगी होती. अमेरिकेला सांता मारिया बेटावर तळ मिळाला नोव्हेंबर १९४४ मध्ये, आणि त्याच्या बदल्यात तिमोर परत घेण्यात पोर्तुगालला वाटा कबूल झाला.

आता तो धागा, जो ओढला की मुरगाव, अझोर्स आणि १९६१ एकत्र येतात. अझोर्सच्या करारासोबत ब्रिटनने पोर्तुगालला त्याच्या सर्व वसाहतींवरील सार्वभौमत्वाबद्दल हमी दिली. सर्व म्हणजे गोवाही. त्यात गोवेकराला कुणी विचारले नाही. याच बेटांच्या जोरावर सालाझारची हुकूमशाही १९४९ मध्ये नाटोची संस्थापक सदस्य झाली. डिसेंबर १९५५ मध्ये अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस पोर्तुगालचे परराष्ट्रमंत्री कुन्या यांच्यासोबतच्या निवेदनात गोव्याला पोर्तुगालचा ‘प्रांत’ म्हणू देतात, तेव्हा मागे अझोर्सचा तळ असतो. १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत भारताविरुद्धच्या ठरावाला ७ मते पडतात आणि सोव्हिएत नकाराधिकाराने तो पडतो, तेव्हाही त्या तळाचा करार १९६२ अखेर संपणार असतो. ब्रिटनने मात्र जुन्या मैत्रीच्या नावाने लिस्बनने मागितलेली मदत दिली नाही. गोवामुक्तीच्या ‘ऑपरेशन विजय’चे प्रकरण तुम्ही लोहियांच्या १९४६ च्या मडगावच्या सभेपासून सुरू करता. ते योग्यच आहे. पण त्याचे एक पान १९४३ मध्ये लिहिले गेले होते आणि ते तुमच्या पुस्तकात कोरे आहे.

शेवटचे गाऱ्हाणे शब्दांचे, थोडक्यात. तटस्थता आणि अलिप्तता हे शब्द तुम्ही एकमेकांच्या जागी वापरता. तटस्थता हा युद्ध चालू असतानाचा कायदेशीर दर्जा, कलमांसह, कर्तव्यांसह. अलिप्तता हे शांततेतही चालणारे धोरण. नेहरूंनी दुसरे स्वीकारले, पहिले नव्हे. अलिप्त भारताने १९६२ मध्ये चीनशी युद्ध केले, तरी अलिप्तता मोडली नाही. यावर आपल्याकडे गुण जातात, हे तरी तुम्हाला चालणार नाही.

आमच्या मागण्या साध्या आहेत. ती एक ओळ काढा आणि जागेला एक पान द्या : डावीकडे नकाशावर अझोर्स, गोवा, मकाव, तिमोर, उजवीकडे हेग कराराची १, २, ५, १२, २५ ही कलमे सोप्या मराठीत. धाडीचा पाणबुड्यांवरचा परिणाम ‘वादग्रस्त’ म्हणून लिहा. मार्च १९४३ जिथे येईल तिथे ऑक्टोबर १९४३ यायलाच हवा. मुरगावला पर्यटक नेणाऱ्यांना वेगळी विनंती : जळालेल्या जहाजांची गोष्ट जरूर सांगा, पण त्याच धक्क्यावर त्यानंतर तेइया मारूवरून कोण उतरले तेही सांगा. अभ्यासक्रमात वेळ नाही, हे कारण आम्ही धरत नाही. पन्नास मिनिटांचा एक तास पुरतो : दहा मिनिटे नकाशा, पंधरा कलमे, पंधरा वुल्फ्रॅम, दहा अझोर्स. विडियाची एक टिप खिशात घेऊन जा आणि वर्गात फिरवा. पाटीवर काढलेल्या कुठल्याही तक्त्यापेक्षा ती जास्त बोलते.

आणि पुढच्या सराव परीक्षेत हा एक प्रश्न घाला : ‘८ मार्च १९४३ च्या रात्री तुम्ही गोव्याचे गव्हर्नर जनरल आहात. बंदरात चार जहाजे जळत आहेत, लिस्बनहून सूचना आलेली नाही, गोदामात तांदूळ थोडा आहे. सकाळी लंडन, बर्लिन आणि लिस्बनला कोणत्या तीन तारा पाठवाल आणि त्यांत काय लिहायचे टाळाल? १५ गुण.’

उत्तरपत्रिका तपासायला आम्ही येतो.

आपले,
गोवा-कोकणातले काही इतिहास शिक्षक